शेर आणि शेरा

मार्च महिना लागला की हिंगोली जिल्ह्यात दोन ठिकाणी घाम गळतो. शेतात हळद शिजवणाऱ्यांचा आणि कचेरीत फायली निकाली काढणाऱ्यांचा. वसमतपासून सेनगावपर्यंत हळदीचे कुकर पेटलेले असतात, आणि कचेरीतल्या पंख्याखाली ‘मार्च एंड’ नावाचा दुसरा कुकर शिट्ट्या देत असतो.

जिल्ह्यातल्या अशाच एका कचेरीत एक महसूल सहायक होती. वय सव्वीस. पण टेबलामागे बसली की साठीचे शेतकरीही तिला ‘मॅडम’ म्हणत. आपणही तेच म्हणू.

मॅडम कॉलेजात असताना कविता लिहायच्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू झाला, तशी वही मागे पडली. नोकरी लागली त्या दिवशी आईने ती कपाटात साड्यांखाली ठेवून दिली आणि म्हणाली, “आता कामाचं लिही.” चार वर्षं मॅडम कामाचंच लिहीत होत्या. अर्जावर शेरे लिहीत होत्या. ‘पाहिले.’ ‘सादर.’ ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी.’ ‘आढळून येत नाही.’ हात इतका बसला होता की अर्ज पुरता उलगडायच्या आत शेरा तयार असे.

त्या आठवड्यात टेबलावर एक्केचाळीस अर्ज होते. एकतीस तारखेच्या आत प्रत्येकावर शेरा पडला पाहिजे, असं साहेबांनी बजावलं होतं. काय पडतो ते कुणी विचारणार नव्हतं. पडल्याशी मतलब होता.

एक अर्ज कयाधूकाठच्या एका म्हातारीचा होता. तिच्या आजेसासऱ्याच्या नावाची निजामाच्या काळातली जमिनीची नोंद तिला हवी होती. अर्जासोबत एक जुना उर्दू कागद आणि कुणाकडून तरी पूर्वी करून घेतलेलं त्याचं मराठी भाषांतर होतं. भाषांतरात सर्व्हे नंबर १०२ लिहिला होता. मॅडमनी १०२ चं पान बघून घेतलं. तिथे भलत्याच कुणाचं नाव होतं. मग अर्जावर त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही.’ फाईल उद्या सहीला जाणार होती.

म्हातारी पहिल्या एसटीने आलेली. दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून होती. मॅडमनी बोलावून शेरा सांगितला.

“म्हंजी काय, बाई?”

“म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव त्या पानावर नाही, आजी.”

“तुमी वाचला का ह्यो कागद?”

“उर्दूत आहे, आजी. मला उर्दू येत नाही.”

“मला तर कोन्तंच येत न्हाई,” म्हातारी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, रागही नव्हता. “पर मी म्हन्ते, वाचल्याबिगर न्हाई कसं म्हनायचं?”

मॅडमना उत्तर सुचलं नाही. त्यांनी पुढचा अर्ज उचलला, पण त्यातली अक्षरंही नीट दिसेनात. जेवणाच्या सुट्टीत त्या बाहेर आल्या. म्हातारी निंबाखाली भाकरी खात होती.

“आजी, हा कागद आजच्या रात्रीपुरता माझ्याकडे देता? वाचणाऱ्याकडे नेते.”

म्हातारीने हात पुसले आणि कागदाची अख्खी पिशवीच मॅडमच्या हातात ठेवली. मॅडमनी पोच लिहून दिली. म्हातारीने ती न वाचता कमरेच्या चंचीत सारली. वाचता येत नव्हतंच, पण ठेवून घेतली.

मॅडम हिंगोलीहून ये-जा करायच्या. त्या संध्याकाळी घरी न जाता त्या पेन्शनपुऱ्यात गेल्या.

हिंगोलीत वाढलेल्याला या नावांचं काही वाटत नाही, पण नवख्याला गंमत वाटते. पलटन, तोफखाना, रिसाला बाजार, सदर बाजार, पेन्शनपुरा. इथे कधीकाळी हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती. फौज गेली, तोफा गेल्या, घोडे गेले. नावं तेवढी मोहल्ल्यांना चिकटून राहिली. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली. मराठवाडा पुढे मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. पण कपाटांतले कागद जिथल्या तिथे राहिले, आणि त्यांतले किती तरी उर्दूत.

पेन्शनपुऱ्यात एक निवृत्त गुरुजी राहत. आयुष्यभर उर्दू शाळेत शिकवलेले. आता ऐंशीच्या आसपास. निवृत्तीनंतर बरीच वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. मग २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि मराठवाडाभरच्या कचेऱ्यांना एकाएकी उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हवीशी झाली. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या सरकारला तेव्हा गुरुजींसारख्या म्हाताऱ्यांची आठवण झाली होती. मॅडमना त्यांचा पत्ता तेव्हापासून ठाऊक होता.

गुरुजींनी कागदाला हात लावला नाही. आधी चहा सांगितला.

“बेटी, तू कचेरीत काय करतेस?”

“शेरे लिहिते, गुरुजी.”

गुरुजी खळखळून हसले. “शेरे! वा. आमच्याकडे शेर लिहितात, तुमच्याकडे शेरे. एका कान्याचा फरक.”

मॅडमनाही हसू आलं. मग का कोण जाणे, त्या बोलून गेल्या. “मीसुद्धा लिहायचे, गुरुजी. कविता. नोकरी लागल्यापासून सुटलं. सरकारी कामात ते जमत नाही.”

“जमत नाही?” गुरुजी उठले. भिंतीतल्या फडताळातून त्यांनी एक जुनं पुस्तक काढलं, कव्हर झटकलं आणि मॅडमच्या हातात दिलं. मॅडमना त्यावरचं एक अक्षरही लागलं नाही. “हे ‘औराक-ए-मुसव्वर’. चित्रांनी सजवलेली पानं, असा अर्थ. १९६३ चं. लिहिणारा कोण माहीत आहे? सेशन जज्ज.”

आणि गुरुजी सांगू लागले.

“नाव सिकंदर अली. शायरीतलं नाव ‘वज्द’. कीर्तनात टाळ घुमतो, माणसाचं देहभान हरपतं, त्या अवस्थेला आमच्याकडे वज्द म्हणतात. जन्म १९१४ चा, गाव वैजापूर. म्हणजे आपलेच, मराठवाड्यातले. शाळा औरंगाबादेत. मग हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात. ते विद्यापीठ १९१८ साली निघालं, आणि तिथे इतिहास असो की विज्ञान, सगळं उर्दूतून शिकवत. तिथून पदवी घेऊन सिकंदर अली हैदराबादच्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये आले, न्यायखात्यात. चढत चढत सेशन जज्ज झाले. आता सांग, सेशन जज्जाच्या टेबलावर काय येतं?”

“खून, मारामाऱ्या.”

“रोज. वर्षानुवर्षं. आणि हाच माणूस १९४४ मध्ये पहिला संग्रह काढतो, ‘लहू तरंग’. दुसरा १९५२ मध्ये, ‘आफताब-ए-ताज़ा’. म्हणजे ताजा सूर्य. या दोन पुस्तकांच्या मधल्या आठ वर्षांत काय झालं बघ. एक आख्खं राज्य गेलं. वरचं सरकार बदललं, हुकमाची भाषा बदलत गेली, उर्दूतून कोर्ट चालवणाऱ्यांना वाटलं असेल, आता आपलं कसं. यांनी पुढच्या पुस्तकाला नाव दिलं ताजा सूर्य.”

चहा आला. गुरुजींनी बशीत ओतून एक घोट घेतला.

“अजिंठ्यावर त्यांची नज्म आहे. वेरूळवर आहे. बुद्धाच्या लेण्यांवर उर्दूत लिहिणारा वैजापूरचा मुसलमान जज्ज. कुणाचं काय गेलं त्यात? लेणी होती तिथेच राहिली, उर्दूत तेवढी एक वस्तू वाढली. १९७० मध्ये सरकारने पद्मश्री दिली. १९७२ ते १९७८ महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. आणि १९७४ मध्ये, साठ वर्षांचे असताना, खासदार असताना, आणखी एक संग्रह. ‘बयाज़-ए-मरियम’. बयाज म्हणजे काय, ठाऊक आहे?”

मॅडमनी मान हलवली.

“बयाज म्हणजे कवितेची वही. १९८३ मध्ये ते गेले. पण वही त्यांनी साठीतही साड्यांखाली ठेवली नव्हती.”

मॅडम चपापल्या. साड्यांचं त्या बोलल्या नव्हत्या. मग लक्षात आलं, या गावात मुलींच्या वह्या आणखी कुठे जाणार?

“ते मोठे लोक, गुरुजी,” त्या जरा चिडूनच म्हणाल्या. “जज्ज साहेब. माझ्या टेबलावर एक्केचाळीस अर्ज आहेत.”

“त्यांच्या टेबलावर फुलं असायची का?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “बेटी, मी कविता कर म्हणून सांगत नाही. उलटं सांगतोय. शेराला वजन असतं. एक मात्रा इकडची तिकडे झाली की शेर पडतो, आणि ऐकणारा लगेच तोंड फिरवतो. ज्या हाताला रोज अशी मात्रा तोलायची सवय आहे, तो हात निकालपत्रात शब्द टाकताना सैल पडेल का? लोक म्हणतात, नोकरी सांभाळून शायरी केली. मला वाटतं, शायरी हा त्यांच्या नोकरीचा रियाज होता.”

बाहेर मशिदीत अजान झाली. गुरुजी थांबले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि पुन्हा बोलू लागले.

“हे झाले उर्दूवाले. आता तुमच्या मराठीतले सांगतो. सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, १९१० चे. तेही हैदराबाद सरकारचेच अधिकारी, पण महसूल खात्यातले. म्हणजे तुझ्या खात्यातले. आदिलाबादेत होते तेव्हा समोर गोंड उभे राहायचे. साहेबाला गोंडी येत नाही, गोंडाला साहेबाची भाषा येत नाही. दुसरा कुणी असता तर दुभाषा ठेवला असता आणि दुभाषा सांगेल ते खरं मानलं असतं. पगडी गोंडी शिकले, कोलामी शिकले. नुसते शिकले नाहीत, त्या भाषांची व्याकरणं लिहिली. उर्दू-फारसी तर अशी होती की पुढे त्यांनी मराठी वाचकांना ग़ालिब समजावून सांगितला आणि फारसी कागदांतून मराठ्यांचा इतिहास उलगडून दाखवला. १९९२ मध्ये पद्मभूषण झाले. एक मुसलमान जज्ज अजिंठ्यावर लिहितो, एक ब्राह्मण महसूल अधिकारी ग़ालिबवर लिहितो. दोघेही एकाच सरकारचे चाकर, एकाच मुलखातले. भाषा ओलांडणं या मातीला नवं नाही. आपल्या नरसीच्या नामदेवांचं काय? ते पंजाबपर्यंत गेले, आणि त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत.”

“पण गुरुजी, उर्दू तर निजामानं लादली होती ना? आमचे आजोबा सांगायचे.”

“खरं सांगायचे,” गुरुजी लगेच म्हणाले. “अगदी खरं. आधी फारसी होती, १८८४ च्या सुमारास तिच्या जागी उर्दू आली. पण रयत बोलायची मराठी, तेलुगू, कानडी. शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद त्याच्याच हातात, आणि तो त्याला वाचता येत नाही. केवढा मोठा अन्याय! पुढे रझाकारांनी जे केलं ते तर तोंडाने सांगवत नाही. लोकांनी भाषेवर राग काढला, तो मला कळतो. पण आता तू विचार कर. तेव्हा शेतकऱ्याला उर्दू येत नव्हती, म्हणून तो कचेरीबाहेर उभा राहिला. आज कचेरीला उर्दू येत नाही, म्हणूनही तोच बाहेर उभा आहे. राज्य बदललं. त्याची जागा बदलली का?”

मॅडमच्या डोळ्यांपुढे निंबाखालची म्हातारी आली.

गुरुजींनी आता चष्मा बदलला आणि पिशवी पुढे ओढली. कागद मऊ पडला होता, घड्यांवर फाटला होता. त्यांनी तो वर्तमानपत्रावर पसरला. “फसली सन १३४५,” ते म्हणाले. “यात ५९० मिळव. १९३५-३६. आपले वज्द साहेब उस्मानियातून बाहेर पडले त्या दिवसांतला.” त्यांनी भिंग मॅडमच्या हातात दिलं. “वाच.”

“मला येत नाही, गुरुजी.”

“मोजता येतं ना? मग बस झालं. हा आकडा बघ. आधी एक, मग शून्य. शून्य म्हणजे आमच्याकडे नुसता ठिपका. आता शेवटचा. आमच्या दोनाला डोक्यावर एक खाच, तिनाला दोन. तुमच्याही दोनात आणि तिनात एका वळणाचाच फरक असतो की. किती खाचा दिसतात?”

मॅडमनी भिंग पुढे-मागे केलं. नेमकी तिथेच शाई फुटली होती. “एक. नाही… दोन असतील. कळत नाही.”

“कळत नाही, म्हणून ज्याने भाषांतर केलं त्याने सोपं ते लिहिलं. त्याचाही मार्च असेल. पण जुना कारकून नुसत्या आकड्यावर विसंबत नसे. तो अक्षरातही लिहायचा. खाली बघ.”

अक्षरी आकड्यावरच शिक्का बसला होता. जांभळ्या गोलाखाली काळी अक्षरं बुडाली होती.

“शिक्क्याखाली शब्द आहे. ‘एक सौ’ पर्यंत बाहेर दिसतंय. पुढे ‘दो’ आहे का ‘तीन’, एवढंच बघायचं. आता नीट ऐक. उर्दूत ‘दो’ लिहिताना एकही ठिपका लागत नाही. ‘तीन’ लिहिताना पाच लागतात. दोन वर, दोन खाली आणि शेवटच्या अक्षराच्या पोटात एक. आता मला वाचून नको सांगू. मोजून सांग.”

मॅडमनी दिवा जवळ ओढला. कागद थोडा तिरपा धरला. जांभळ्या शाईत काळे ठिपके आधी दिसेनात, मग एक दिसला, त्याला चिकटून दुसरा. खाली दोन. आणि वाटीसारख्या वळणात एक, अगदी मधोमध.

“पाच,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा मोजले. “पाच आहेत, गुरुजी.”

“मग तू उर्दूतला पहिला शब्द वाचलास,” गुरुजी म्हणाले. “एकशे तीन.”

दोघंही थोडा वेळ गप्प बसले. मग गुरुजींनी त्या जागेवर बोट ठेवलं. “घाईतला लिहिणारा ठिपके गाळतो. सगळे गाळतात, उर्दूत ते चालतं, वाचणारा समजून घेतो. या माणसाने पाचही दिले. पगार काय असेल त्याचा? नाव कुणाला माहीत आहे? पण तो पाच ठिपक्यांपुरता थांबला, म्हणून नव्वद वर्षांनी एका म्हातारीचं काम अडलं नाही. याने शेर लिहिला नसेल, पण शायराची नजर त्याला होती.”

त्या रात्री मॅडमनी टिपणी लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा त्यात तीन वेळा ‘सदर’ आलं आणि दोन वेळा ‘सबब’. त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. ‘आढळून येत असल्याचे दिसून येते’ खोडून ‘दिसते’ केलं. चौथ्या खेपेला वाक्य उभं राहिलं. ‘अर्जदाराच्या मूळ कागदात सर्व्हे नंबर अक्षरी “एकशे तीन” असा दिसतो, भाषांतरात तो १०२ लिहिला गेला आहे. उर्दू जाणकाराकडून कागदाचे अधिकृत पुनर्वाचन करून घ्यावे व १०३ चे पान तपासावे. तोपर्यंत माझा आधीचा शेरा रद्द समजावा.’ एक शब्द काढला तर अर्थ बिघडेल, एक घातला तर जड होईल. असं वाक्य त्यांनी चार वर्षांत लिहिलं नव्हतं.

सकाळी साहेबांनी टिपणी वाचली आणि कपाळाला हात लावला. “मॅडम, मार्च एंडला फायली बंद करायच्या असतात. तुम्ही उघडताय.”

“चुकीची बंद होत होती, सर.”

“आणि उर्दू कधीपासून येते तुम्हाला?”

“काल संध्याकाळपासून, सर. एकच शब्द येतो.”

साहेबांनी मूळ कागद मागितला, भिंगही मागितलं. मॅडमनी ठिपके दाखवले. साहेबांनी तोंडातल्या तोंडात मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा. मग काही न बोलता टिपणीखाली सही केली. तो शेराही एका शब्दाचाच होता. ‘मान्य.’

पुनर्वाचनाला चार दिवस लागले. एकतीस तारीख उलटली, आणि एक्केचाळीसपैकी तो एक अर्ज पुढच्या वर्षात गेला. त्याबद्दल बैठकीत मॅडमना दोन शब्द ऐकावे लागले. पण १०३ चं पान निघालं आणि त्यावर म्हातारीच्या आजेसासऱ्याचं नाव होतं. बापाच्या नावासकट.

म्हातारी नक्कल घ्यायला आली. मॅडमनी तिला मूळ कागद परत दिला आणि ती जागा दाखवली. “आजी, हे पाच ठिपके. यांच्यामुळे सापडलं.”

म्हातारीने बोट ठेवून बघितलं. तिला ठिपके दिसले की नाही, कुणास ठाऊक. “कोन लिहिलं म्हनं हे?”

“नाव नाही, आजी. असाच कुणीतरी कारकून. माझ्यासारखा.”

म्हातारीने कागदाला हात लावून तो कपाळाला नेला. मॅडमनी सांभाळून सांगितलं की नकलेने जमिनीचा निकाल लागत नाही. पुढे दावा आहे, तारखा आहेत, समोरचाही आपले कागद आणेल. म्हातारी सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, “त्ये काय व्हायचं त्ये व्हईल, बाई. तुमी ह्या खेपेला बी न्हाई म्हनाल्या असत्या, तरी मला चाललं असतं. वाचून म्हनाल्या असत्या ना.”

चंचीतून तिने एक घडी केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी दिलेली पोच. कागद परत मिळाला होता, पोच परत करायला हवी, एवढा व्यवहार तिला कळत होता.

पुढची गोष्ट थोडी आहे. मॅडम आता रविवारी पेन्शनपुऱ्यात जातात. उर्दूची मुळाक्षरं झाली, जोडाक्षरांत अडखळतात. साड्यांखालची वही बाहेर आली आहे. तिच्यात कविता किती झाल्या ते त्या सांगत नाहीत. सिकंदर अली वज्द त्यांना अजून वाचता येत नाहीत, पण ‘औराक-ए-मुसव्वर’च्या कव्हरवरचे ठिपके मात्र त्यांनी मोजले आहेत.

खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला शेर लिहिता यावा, असं कुणी म्हणणार नाही. वैजापूरला एखादाच वज्द जन्मतो, निलंग्याला एखादाच पगडी. पण शेरा तर रोज हजारो हात लिहितात. त्या हातांनी एवढंच करावं. समोरचा कागद कोणत्याही भाषेत असो, तो वाचल्याशिवाय, निदान वाचून घेतल्याशिवाय, त्यावर ‘नाही’ लिहू नये.